तहान आणि मावा, दोन्ही एकदम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या संशोधन संस्थेचे संचालक साहेब, बियाणे मंडळाकडून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख, समोर बसलेले माझे सहकारी, काचघरातली आणि शेतावरची मंडळी, निवृत्त होऊनही चहाच्या वेळेला न चुकता हजर असणारे आमचे ज्येष्ठ, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे कीटकशास्त्र विभागाचे आज संध्याकाळपर्यंतचे प्रमुख, म्हणजेच माझे यजमान, आपणा सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी "आता सत्कारमूर्तींच्या सहधर्मचारिणी दोन शब्द बोलतील" असं म्हणून मला उभं केलं. हरकत नाही, तीही मी आहेच. पण मी मका पैदास विभागाची प्रमुखही आहे. या माणसाशी माझं भांडण दोन्ही नात्यांनी चालू आहे, त्यामुळे दोन शब्दांत आटपेल असं वाटत नाही.

आतापर्यंत सगळे फार छान बोलले. कुणी यांना मृदुभाषी म्हणालं, कुणी ऋजू म्हणालं, आणि मृद्‌शास्त्राचे सर तर अजातशत्रू म्हणाले. अजातशत्रू! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात माझ्या एका रोपाला सुखानं वाढू दिलं नाही, तो अजातशत्रू? सर, तुमच्या मातीत यांनी कधी किडे सोडले नाहीत म्हणून तुम्हाला असं वाटतं.

मग संचालक साहेबांनी ती घोषणा केली. मागच्या रांगांपर्यंत माइक नीट पोहोचत नाही, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या विभागानं तयार केलेला मक्याचा नवा वाण, जो पाण्याचा ताण सोसतो आणि माव्याच्या किडीलाही दाद देत नाही, तो पुढच्या महिन्यात प्रसारित होणार, म्हणजे शेतकऱ्यांच्या हाती जाणार. वाण माझा आणि त्याची कीड-चाचणी यांची. "या दांपत्याला संस्थेकडून ही भेट," असं साहेब म्हणाले, आणि केवढ्या टाळ्या झाल्या! मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे पहिल्या रांगेच्या लक्षात आलं असेल. का वाजवल्या नाहीत, तेच सांगायला मी उभी आहे. साहेब, रागावू नका, शेवटपर्यंत ऐकून घ्या.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईनं विचारलं होतं, "जावई करतात काय?" मी म्हटलं, "किडे पाळतात." आईनं हातातलं काम खाली ठेवलं. "अगं, लोक मारतात ना किडे?" म्हणाली. तिला समजावून सांगायला मला पुढची कित्येक वर्षं लागली, की आपल्या जावयाकडे एक खोली आहे, तिथं जाळीच्या पिंजऱ्यांत माव्याची प्रजा वाढते, तिला खाऊपिऊ घालून, ऊब देऊन गुबगुबीत केलं जातं, आणि मग ती तुझ्या लेकीच्या झाडांवर सोडली जाते. आईचं शेवटपर्यंत म्हणणं होतं की हा माणूस दिसायला सज्जन आहे, पण त्याचं काम काही बरं नाही.

गमतीचा भाग सोडा. पैदासकाराचं काम असतं दोन चांगल्या झाडांचं लग्न लावायचं आणि त्यांच्या लेकरांतून गुणी लेकरू निवडायचं. कीटकशास्त्रज्ञाचं काम असतं त्या लेकराच्या अंगावर किडे घालून ते रडतं का बघायचं. मी पहिल्यांदा यांच्याकडे रोपं घेऊन गेले, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांचा पार चिकटा झाला होता. मावा नुसता रस पीत नाही, वर चिकट गोड पाणी सोडतो, मग त्यावर काळी बुरशी येते. मी रडकुंडीला आले. यांनी काय म्हणावं? "आता दुसरी आणा." बस. ना सहानुभूती, ना पाण्याचा ग्लास. तरी मी या माणसाशी लग्न केलं, ते याचसाठी, की हा माणूस माझ्या झाडांबद्दल माझ्याशी कधी खोटं बोलणार नाही याची मला तिथंच खात्री पटली.

तर हा नवा वाण. कागदोपत्री त्याला नंबर आहे. घरात त्याला आम्ही "धाकटी" म्हणतो. थोरली, म्हणजे आमची मुलगी, समोर बसलीय, बघा, हसतेय. ती दहावीला बसली होती त्या वर्षी मी हा संकर सुरू केला, आणि आता तिचंच लेकरू शाळेत जातं. धाकटीच्या पानात एक कडवटपणा आहे. माणसाच्या जिभेला तो जाणवतही नाही, पण मावा सोंड खुपसतो, चव घेतो, आणि नाक मुरडून निघून जातो. माव्याला नाक नसतं, हे माहीत आहे मला. तिकडून सत्कारमूर्तींनी दुरुस्ती करायची गरज नाही.

आता जरा लक्ष द्या, कारण इथंच आपल्या सगळ्यांचं, म्हणजे या संस्थेचं आणि आपल्यासारख्या पुष्कळ संस्थांचं, चुकत आलंय. वाण प्रसारित करायचा तर दोन चाचण्या लागतात. एक किडीची. ती या लोकांच्या काचघरात होते. तिथं रोपांना रोजच्या रोज पोटभर पाणी मिळतं, कारण रोप कोमेजलं तर ते किडीनं कोमेजलं की तहानेनं, हे कसं कळणार? बरोबर आहे ना? दुसरी चाचणी पाण्याच्या ताणाची. ती आमच्या शेडमध्ये होते. तिथं पाणी तोडतात, पण किडीचा मागमूस राहू नये म्हणून औषध फवारतात, कारण उत्पन्न घटलं तर ते तहानेनं घटलं की किडीनं, हे कसं कळणार? हेही बरोबरच. दोन्ही विभाग आपापल्या जागी अगदी शिस्तीत. म्हणजे झाडावर किडे सोडायचे ते त्याचं पोट भरलेलं असताना, आणि त्याला तहानलेलं ठेवायचं ते अंगावर एक किडा नसताना. शेतात असं कधी होतं का हो? तिथं पाऊस दडी मारतो, ऊन तापतं, आणि नेमका त्याच वेळी मावा येतो. दोन्ही एकदम. आणि ते दोन्ही एकदम आपण कुणी कधी तपासलंच नव्हतं, कारण दोन विभागांच्या मधे एक भिंत आहे आणि एक बोळ आहे, आणि त्या बोळातून फक्त चहाचा ट्रे जातो.

धाकटी दोन्ही परीक्षांत पहिली आली. मी हवेत होते.

मग गेल्या हंगामात एके दिवशी हे शेतावरून आले, हातपाय धुतले, आणि टेबलाशी बसून म्हणाले, "तुझ्या प्लॉटच्या त्या टोकाला ठिबकची नळी तुंबलीय." मी म्हटलं, "मग सांगा की कुणाला तरी, साफ करतील." हे म्हणाले, "करतील. पण शेवटची पाचसहा झाडं माव्यानं काळी झालीत. बाकीची स्वच्छ आहेत."

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "एका तुंबलेल्या नळीवरून माझ्या वाणाला नावं ठेवायची नाहीत." त्या दिवशी आमच्या घरी भाजीत मीठ किती पडलं हे कुणी विचारू नये. पण हे ऐकतात थोडेच! यांनी जुन्या सामानाची खोली रिकामी करून घेतली, स्वतः झाडली, आणि म्हणाले, "इथं आण तुझी रोपं. पाणीही मी तोडणार आणि मावाही मीच सोडणार."

मी ईर्ष्येनं नेली. नुसती धाकटी नाही, तिच्या शेजारी एक जुना, ओबडधोबड वाणही ठेवला, तुलनेला. उत्पन्न बेताचं, दाणा बारका, आम्ही त्याला कधीच बाजूला टाकलेलं. पाणी पूर्ण बंद केलं. रोपं सुकली, माना टाकल्या. आणि मावा? मावाही मेला! मी इतकी खूश झाले की दोन्ही विभागांना आइस्क्रीम वाटलं. खाल्लंत ना तुम्ही सगळ्यांनी? सत्कारमूर्तींनी दोन खाल्ली. दुसरं संपवलं, चमचा पुसला, आणि म्हणाले, "पण अशी तहान असते कुठं?"

मला इतका राग आला! पण मुद्दा त्यांचाच खरा होता. पार सुकलेल्या झाडात रसाला जोरच उरत नाही, त्यामुळे मावाही उपाशी मरतो. त्याच्या मरण्यात माझ्या वाणाची करामत काही नव्हती. शेतातली तहान निराळी असते. चार दिवस कोरडे, मग एक सर, की पुन्हा कोरडं. झाड मान टाकतं, सावरतं, परत टाकतं. कोरड्या दिवसांत त्याच्या रसात पोषण साठून राहतं, आणि पाणी मिळालं की तो रस पुन्हा जोरात वाहू लागतो. माव्याला आणखी काय हवं? आयतं ताट.

आणि कडवटपणाचं काय होतं? आपल्या घरात नळाला पाणी कमी आलं, तर आपण काय करतो? आधी पिण्याचं भरतो, मग स्वयंपाकाचं. खिडक्या पुसणं राहून जातं. झाडही तेच करतं. आधी मूळ खोल न्यायचं, जीव धरायचा. पानात कडवटपणा भरणं हे खिडक्या पुसण्यासारखं. धाकटीनं ते काम टाकून दिलं. त्याच खोलीत आम्ही कुंड्यांना तशीच थांबून थांबून तहान देऊन पुन्हा चाचणी लावली, आणि याच महिन्यात धाकटीच्या पानापानावर मावा बसला होता. मी बोटानं पान उलटलं तर बोट चिकट झालं.

आणि शेजारचा तो ओबडधोबड जुना वाण? तहान लागली तसं त्याचं पान जाड झालं, वर लव दाट आली, हात फिरवला तर खरखरीत लागावं अशी. त्याच्यावर मावा टिकेना. म्हणजे तहानेनं झाड दुबळंच होतं, असं सरसकट म्हणायची सोय नाही. एकच तहान एकाला मोडते आणि दुसऱ्याला राठ करते. कोणतं झाड, कसली तहान, कोणती कीड, हे प्रत्येक वेळी बसून बघावं लागतं. आपण ते बघितलं नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय.

अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठवलीय. वेळ संपला, मान्य आहे. पण अध्यक्ष महोदय, आपण मघाशी स्वतःच म्हणालात की हा घरगुती समारंभ आहे, तर घरातली बाई बोलायला लागली की किती वेळ बोलते याचा अंदाज आपल्याला असणारच. थोडं राहिलंय.

परवा सकाळची गोष्ट. हे आजच्या कार्यक्रमासाठी शर्टाला इस्त्री करत होते. मी डबा भरत होते. इस्त्री बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "ऐक. ही तिसरी चाचणी नियमात कुठंच नाही. दोन मागतात, दोन झाल्या, दोन्हीत ती पास आहे. मी तर आता चाललो. त्या खोलीबद्दल मी काही बोललो नाही, तर कुणी विचारणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तू ठरव. मी कुणापाशी बोलणार नाही. इतकी वर्षं तू तिच्यासाठी घातलीस. मला बघवत नाही."

मंडळी, मला सांगा, बायकोला नवऱ्याचं असं बोलणं ऐकून काय वाटायला हवं? बरं वाटायला हवं ना? मला इतका संताप आला की डब्याचं झाकण हातातून सुटून पार दारापर्यंत गेलं. मी म्हटलं, "अहो, माझ्या पहिल्या रोपांवर किडे सोडलेत तेव्हा बघवलं? बाळंतपणाच्या रजेवरून आले, तर काचघरातला माझ्या रोपांचा अख्खा बाक माव्यानं साफ केलेला, तेव्हा बघवलं? आणि आता शेवटच्या आठवड्यात माझी दया येते तुम्हाला?" यांनी इस्त्री पुन्हा उचलली. शर्टाची एकच बाही परत परत इस्त्री करत राहिले.

मी रागानं घराबाहेर पडले. पण खोटं कशाला सांगू? दुपारपर्यंत राग उतरला आणि मोह आला. चांगला मोठा मोह आला. मनात म्हटलं, यांचं म्हणणं खरंच आहे की. नियमात नाही. दरवर्षी थोडीच तशी तहान पडते? आणि पडली तरी लोक फवारतीलच. माझीही निवृत्ती फार लांब नाही. पुन्हा संकर करायचा, पुन्हा निवडायचं, पुन्हा हंगामामागून हंगाम वाट बघायची. नवी झाडं तयार होतील तेव्हा मी या खुर्चीत नसेन. धाकटी गेली, तर माझ्या हातून आता दुसरा वाण होत नाही. हे मला स्वच्छ कळत होतं, आणि त्या सामानाच्या खोलीत एका उपड्या कुंडीवर बसून मी रडले. मनसोक्त रडले.

मग उठले आणि परत पानं उलटून बघितली. मावा तिथंच होता. माझ्या रडण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

आपल्या बियाण्याच्या पिशवीवर दोन ओळी छापल्या जाणार होत्या. पाण्याचा ताण सोसणारा. माव्याला प्रतिकारक्षम. दोन्ही ओळी खऱ्या आहेत, वेगवेगळ्या वाचल्या तर. पण पेरणारा माणूस त्या एकत्र वाचतो. तो काय म्हणणार? या वर्षी पाऊस लहरी दिसतोय, हाच वाण बरा, किडीचीही काळजी नको. तो निर्धास्त राहील, ऐन तहानेत पानं उलटून बघायला जाणार नाही, कारण आपण त्याला सांगितलेलं असेल की बघायची गरज नाही. ज्या दिवसांत बघायलाच हवं, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला घरी बसवू.

साहेब, आपण माझ्याकडे बघताय आणि पाहुण्यांकडेही बघताय, मला दिसतंय. हे पण तिकडून मान हलवून "नको, नको" म्हणतायत. हलवू द्या. यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. परवापासून आमचं बोलणं फक्त "चहा ठेवलाय" एवढ्यावरच चाललंय.

अध्यक्ष महोदय, मका पैदास विभागाची प्रमुख या नात्यानं, या वाणाच्या प्रसारणाचा प्रस्ताव मी मागे घेते.

टाळ्या नकोत. कृपा करून नकोत. टाळ्या वाजवण्यासारखं यात काही नाही, मला फार वाईट वाटतंय, आणि ते मला लपवायचंही नाही. पाहुण्यांना इतक्या लांब बोलावून असं ऐकवावं लागलं, याचंही वाईट वाटतं. त्या जुन्या वाणाशी धाकटीचा संकर करायला आमच्या विभागातल्या तरुण मुली तयार आहेत, त्यांना तो करू द्या. श्रेय त्यांचं राहील, माझं नाव कुठं नको. आणि ती सामानाची खोली परत सामानानं भरू नका. तिथली चाचणी नियमात बसत नसेल तर आपल्यापुरता नियम करा. एवढं मागणं मी आज भर सभेत मागतेय, कारण खासगीत मागितलं असतं तर साहेबांनी "बघू" म्हटलं असतं.

अहो, आता तुमच्याशी. जरा इकडे बघा, चष्मा नंतर पुसा. तुम्ही मला वाचवायला निघाला होतात. माझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प बसायला तयार झाला होतात. तुम्हाला ते किती जड गेलं असेल, हे त्या शर्टाच्या बाहीवरून मला कळलं होतं. पण मी ते घेतलं असतं, तर उद्यापासून घरात समोरासमोर बसून आपण बोललो कशावर असतो? माझं झाड वाईट असेल तर वाईट आहे असं तोंडावर सांगणारा एकच माणूस मला मिळाला. तो मला निवृत्तीनंतरही तसाच हवाय.

अध्यक्ष महोदय, आपण वेळेबाहेर बोलू दिलंत, संयोजकांनी मला यादीत शेवटी ठेवलं, सभागृहानं जेवण थांबवून ऐकलं, सगळ्यांचे मनापासून आभार. कीटकशास्त्र विभागानं माझ्या नवऱ्याला इतकी वर्षं सांभाळलं, त्यांचे विशेष आभार, पुढचं मी बघते. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, चेष्टेत कुणाला लागलं असेल, तर ते पोटात घाला. वाण मागे घेतल्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

नमस्कार.